खारफुटीला सांडपाणी पोसतं की पोखरतं?

खाजणकाठ

सांडपाण्याच्या नाल्याच्या तोंडाशी उभी असलेली खारफुटी पाहून बहुतेक जण एकच म्हणतात: काय फोफावलीय! पानं गडद, झाडं उंच, फांद्यांची दाटी. तिथून पुढची उडी लगेच मारली जाते. म्हणजे खारफुटीला मैलापाणी मानवतं, ती ते गाळूनही देते, मग शुद्धीकरणावर एवढा पैसा कशाला ओतायचा? ही उडी अभियंतेही मारतात आणि झाडांवर मनापासून प्रेम करणारेही. झाड फोफावतं हे खरंच आहे. पुढच्या उडीबद्दल हा धागा.

आधी झाडाकडे पाहू. खारफुटी ही काटकसरीने जगणारी झाडं. पान गळण्याआधी त्यातलं बरंचसं नत्र आणि स्फुरद परत ओढून घ्यायचं, पानं जाड ठेवायची, लवकर टाकायची नाहीत, असा त्यांचा संसार. चिखलात जे नत्र मिळतं ते मुख्यतः अमोनियमच्या रूपात, आणि घरगुती सांडपाण्यातही अमोनियमच भरपूर असतं. तेव्हा अशा झाडाच्या पायाशी ते पाणी सोडलं की वाढ होणारच, त्यात नवल नाही.

पण ही वाढ सगळीकडे सारखी नसते. मध्य अमेरिकेतल्या बेलीझच्या किनाऱ्यापुढे ट्विन केज नावाची बेटं आहेत, जवळजवळ संपूर्णपणे खारफुटीच्याच मुळांच्या कुजलेल्या थरावर उभी. तिथे इल्का फेलर आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकापासून झाडांच्या मुळाशी खड्डे करून वेगवेगळी खतं घातली. पाण्याच्या कडेची उंच झाडं नत्राला भुकेली निघाली. बेटाच्या मध्यभागी दीड मीटरसुद्धा न वाढलेली बुटकी झाडं होती, त्यांना नत्र देऊन काही फरक पडेना. स्फुरद दिल्यावर मात्र ती सरसरून वाढली. मधल्या पट्ट्यात दोन्ही हवं होतं. एकच जात, एकच बेट, थोड्याशा अंतरात तीन वेगळ्या भुका. त्यामुळे ‘खारफुटी सांडपाण्याला असा प्रतिसाद देते’ असं एका वाक्यात कुणी सांगितलं की मी सावध होते.

आता मुख्य मुद्दा. खत मिळालं की झाड वर वाढतं, खाली नाही. अन्न शोधायला मुळं पसरायची गरज उरत नाही, म्हणून फांद्या-पानांवर खर्च वाढतो आणि मुळांचा वाटा घटतो. शेतातल्या पिकात हे चालतं. खाऱ्या चिखलात मुळांचं काम फक्त अन्न गोळा करण्याचं नसतं. समुद्राच्या पाण्यातलं बहुतेक मीठ मुळाशीच अडवून गोडं पाणी आत खेचायचं असतं, आणि ते फार जिकिरीचं काम आहे. पानं दुप्पट आणि मुळं तेवढीच, म्हणजे पगार वाढला म्हणून पाया न बघता घरावर मजले चढवत जाण्यासारखं.

कॅथरीन लव्हलॉक, फेलर आणि इतरांनी जगभरातल्या अशा खत-प्रयोगांच्या जागा एकत्र तपासून २००९ मध्ये जे मांडलं ते मला या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जिथे चिखल जास्त खारा, पाऊस कमी आणि हवा कोरडी, तिथे खत दिलेली झाडं जास्त मेली. चांगल्या पावसाच्या वर्षांत तीच झाडं शेजारच्यांपेक्षा देखणी दिसत होती. दुष्काळ आला आणि हिशेब उलटला.

फ्लोरिडाच्या इंडियन रिव्हर लगूनमध्ये वादळाने हेच दाखवलं. सप्टेंबर २००४ मध्ये फ्रान्सिस आणि जीन ही दोन चक्रीवादळं तीन आठवड्यांच्या आत तिथे आदळली. खताच्या प्रयोगातली झाडं वाऱ्यात सापडली आणि वाढलेल्या, खत खाल्लेल्या झाडांची मोडतोड जास्त झाली. वाऱ्याला अडवायला अंग वाढलं होतं, हे उघड कारण.

म्हणून माझं म्हणणं असं: नाल्याकाठची हिरवाई हा जंगलाच्या तब्येतीचा पुरावा म्हणून मांडू नये. झाडाने नत्र खाल्लं एवढंच ती सांगते. वेगळं मत असेल तर जरूर लिहा, शक्यतो मुद्द्यासकट.

---

झाडपाला

वाचतेय. लेख आवडला. एक शंका. सांडपाणी म्हणजे खत तर आहेच, पण ते गोडं पाणीही आहे ना? नाल्याच्या तोंडाशी चिखलाचा खारेपणा कमी होत असणार. मग झाडं वाढतात ती नत्रामुळे की मीठ कमी झाल्यामुळे, हे कसं ओळखायचं?

---

मुचकुंद

झाडपालाताई, नेमक्या जागी बोट ठेवलंत. नुसतं नाल्याकाठी उभं राहून ओळखता येत नाही. दोन्ही परिणाम एकाच दिशेला ओढतात. बहुतेक खारफुटी समुद्राच्या पाण्यापेक्षा बऱ्याच कमी खाऱ्या पाण्यात जास्त जोमाने वाढते, म्हणून नुसतं स्वच्छ गोडं पाणी सोडलं तरी झाडं खुलतील. वर खाजणकाठ यांनी सांगितलेल्या प्रयोगांचं महत्त्व इथेच आहे. तिथे कोरडं खत मुळाशी पुरलं होतं, त्यामुळे पाण्याचा प्रश्न बाजूला राहिला आणि खताचा परिणाम सुटा दिसला.

याचीच दुसरी बाजू फार कुणी बोलत नाही. वर्षानुवर्षं गोड्या पाण्यावर आणि आयत्या नत्रावर वाढलेलं झाड, आणि एक दिवस नाला दुसरीकडे वळवला. चिखल पुन्हा खारा होणार. झाडाकडे मुळं मात्र गोड्या दिवसांच्या हिशेबाची. अशा जागी दोन-तीन उन्हाळे झाडं सुकताना दिसली आणि लोक म्हणाले, ‘पाणी शुद्ध केलं म्हणून झाडं मेली’, तर मला आश्चर्य वाटणार नाही.

---

पंपवाला

मी मैलापाणी शुद्धीकरण प्रकल्पात काम करतो (कुठे ते सांगत नाही, साहेब पण वाचत असतील). ‘प्रक्रिया केलेलं पाणी’ या शब्दांवर लोक फार विसंबतात, म्हणून थोडं आमच्या बाजूचं.

घरगुती मैलापाण्यात नत्र साधारण लिटरमागे २० ते ७० मिलिग्रॅम आणि स्फुरद ४ ते १२ मिलिग्रॅम असतं. पहिल्या टप्प्यात गाळ खाली बसवतो. दुसऱ्या टप्प्यात हवा फुंकून जिवाणूंकडून सेंद्रिय घाण खाऊन घेतो, म्हणजे बीओडी (घाण कुजायला किती प्राणवायू लागेल त्याचं माप) पडतो आणि वास जातो. पाणी दिसायला स्वच्छ होतं. पण नत्र आणि स्फुरद काढायची वेगळी सोय नसेल तर त्यातलं बरंचसं तसंच बाहेर जातं. फक्त हवा भरपूर दिली असेल तर अमोनियाचं नायट्रेट होतं. त्याच्या पुढचा टप्पा खर्चिक, म्हणून बऱ्याच ठिकाणी तो कागदावर असतो.

तर स्वच्छ दिसणारं पाणी खारफुटीच्या दृष्टीने पातळ खतच आहे. मात्र कच्चं मैलापाणी आणि दुसऱ्या टप्प्याचं पाणी यांना एका पारड्यात घालू नका. कच्च्या पाण्यातली घाण चिखलातला प्राणवायू खाते, आणि ते प्रकरण खतापेक्षा वाईट.

---

खाजणकाठ

पंपवाला, हा फरक फार कामाचा आहे. त्याला जोडून चिखलाचं रसायन थोडं खोलात लिहिते, कारण ‘गाळून देते’ म्हणतात ते काम प्रत्यक्षात झाडापेक्षा चिखल जास्त करतो.

भरतीखालच्या चिखलात वरचे काही मिलिमीटर सोडले तर प्राणवायू नसतोच. अशा ठिकाणी काही जिवाणू श्वासासाठी नायट्रेट वापरतात आणि त्यातलं नत्र वायू होऊन हवेत जातं. हे डिनायट्रिफिकेशन. नत्राला पाण्यातून कायमचं घालवणारी हीच खरी वाट. झाडाने खाल्लेलं नत्र पानातून पुन्हा चिखलातच पडतं. पोर्तो रिकोत ला पार्गेराला दुसऱ्या टप्प्याचं पाणी खारफुटीच्या चिखलावर येत होतं, तिथे १९९० च्या दशकात केलेल्या मोजणीत चिखलाने नायट्रेट झपाट्याने संपवलेलं दिसलं. गाळणीवाल्यांची बाजू इथे भक्कम आहे, हे मोकळेपणाने सांगते.

पण पाणी कच्चं असेल तर त्यात नायट्रेट जवळजवळ नसतंच, अमोनियम असतं. अमोनियमचं नायट्रेट व्हायला आधी प्राणवायू लागतो. तो मिळतो मुळांभोवतीच्या पातळ थरात आणि खेकड्यांच्या बिळांच्या भिंतींशी. आणि त्याच प्राणवायूवर सांडपाण्यातली सेंद्रिय घाण टपून बसलेली असते. घाण जास्त झाली की ती साखळी पहिल्याच कडीला तुटते. शिवाय चिखलात सल्फाइड (सडक्या अंड्याचा वास येतो ते) साचलं तर नायट्रेटमधलं नत्र वायू होण्याऐवजी उलट फिरून पुन्हा अमोनियम होतं. म्हणजे ज्या पाण्याला गाळणीची सगळ्यात जास्त गरज, तेच पाणी गाळणी बंद पाडतं.

स्फुरदाची गोष्ट आणखी सरळ आणि आणखी वाईट. त्याला वायू होऊन पळायची वाटच नाही. ते चिखलातल्या लोहाला आणि मातीच्या कणांना चिकटतं, म्हणून सुरुवातीची वर्षं गाळणी उत्तम चालतेय असं वाटतं. चिकटायच्या जागा भरल्या की थांबतं. त्यात चिखल जास्त कुजला तर लोहाचं रूप बदलतं, सल्फाइड त्या लोहाला धरतं आणि साठवलेलं स्फुरद सुटून पाण्यात येतं.

---

तळ्यावरचा

एवढं निराशेने बघायची गरज नाही. मी कोळंबी संवर्धनात आहे. आमच्या तळ्यांतून निघणाऱ्या पाण्यातही नत्र-स्फुरद असतं, पण ते मैल्याइतकं घाण नसतं. कोलंबियातल्या तळ्यांच्या अभ्यासात १९९९ मध्ये असा अंदाज आला होता की मध्यम घनतेच्या एक हेक्टर तळ्याच्या पाण्यातलं विरघळलेलं नत्र काढायला ०.०४ ते ०.१२ हेक्टर खारफुटी पुरते. इतकी थोडी जागा! तळ्याच्या कडेने एक पट्टा राखला की काम झालं. तुम्ही लोक व्यवहार्य उपायालाही नाक मुरडता.

---

शंकेखोर

@तळ्यावरचा, बरोबर दुसरा आकडापण सांगा ना. रॉबर्टसन आणि फिलिप्स यांनी १९९५ मध्ये मांडलेला हिशेब २ ते २२ हेक्टरचा होता, एका हेक्टर तळ्यासाठी. ०.०४ आणि २२! या दोन आकड्यांच्या मध्ये आख्खं जंगल मावतं. ज्याला जो आकडा सोयीचा तो तो घेऊन फिरतो.

---

मुचकुंद

हाहा. पण दोन्ही आकडे आपापल्या जागी ठीक आहेत, हिशेब वेगवेगळ्या गोष्टींचा आहे. कोलंबियाचा आकडा फक्त नत्राचा, आणि तोही चिखलातल्या डिनायट्रिफिकेशनच्या जोरावर. २ ते २२ वाला हिशेब झाडांच्या वाढीत किती नत्र आणि स्फुरद सामावेल त्यावर बेतलेला. त्यातला खालचा टोकाचा आकडा मध्यम घनतेच्या तळ्यांचा आणि वरचा, २२ च्या आसपासचा, दाट कोळंबी ठेवलेल्या तळ्यांच्या स्फुरदाचा. स्फुरद वायू होत नाही हे वर आलंच आहे, म्हणून त्याला जागा प्रचंड लागते.

तळ्यावरचा, तुमचा पट्टा नत्रापुरता काही काळ काम करेलही. स्फुरदाचं काय करणार ते सांगा. आणि तळी बांधताना मुळात खारफुटी तोडली असेल तर पट्ट्याचं श्रेय किती घ्यायचं, हाही एक आडवा प्रश्न आहेच. (भांडण नको, विचारतोय फक्त.)

---

तळ्यावरचा

स्फुरदासाठी तळ्याचा गाळ उपसून वेगळा काढणं हाच उपाय. तो खारफुटीत सोडायचा नाही. एवढं मान्य. खाद्य कमी वाया घालवणं हा त्याहून स्वस्त उपाय, कारण पाण्यातलं बहुतेक नत्र-स्फुरद आम्हीच टाकलेल्या खाद्यातून येतं. तोडलेल्या खारफुटीबद्दल मी बोलणार नाही, त्यावर वेगळा धागा काढा.

---

शंकेखोर

मूळ धाग्यावरही माझा आक्षेप आहे. दक्षिण चीनमधल्या शेन्झेनच्या फुतियान अभयारण्यात १९९० च्या दशकात हाँगकाँगच्या संशोधकांनी खारफुटीच्या एका पट्ट्यावर गाळ बसवलेलं शहरी सांडपाणी वर्षभर मुद्दाम सोडलं आणि शेजारचा पट्टा तसाच ठेवला. झाडांच्या रचनेत, पानगळीत काही ठळक बिघाड दिसला नाही. मग ‘पोखरतं’ हा शब्द कशाच्या आधारावर? प्रत्यक्ष सांडपाणी वापरून केलेला प्रयोग एका बाजूला आणि खड्ड्यात पुरलेलं युरिया दुसऱ्या बाजूला. मी पहिल्यावर जास्त विश्वास ठेवीन.

---

खाजणकाठ

शंकेखोर, फुतियानचा प्रयोग चांगलाच होता, आणि त्याने एक गोष्ट पक्की केली: मापात सोडलेलं, गाळ बसवलेलं पाणी खारफुटीला लगेच मारत नाही. ते मी नाकारत नाही. पण वर्षभरात झाडांची रचना बदलावी अशी अपेक्षाच कशी करणार? ज्या झाडांचं आयुष्य दशकांत मोजायचं त्यांच्यासाठी एक वर्ष म्हणजे एक-दोन पालव्या. २००९ च्या अभ्यासातलं मरण दुष्काळात दिसलं, आणि दुष्काळ प्रयोगाच्या वेळापत्रकाप्रमाणे येत नाही. शिवाय फुतियानला पाऊस भरपूर आणि हवा दमट. म्हणजे लव्हलॉक यांच्या मांडणीप्रमाणेही तिथे धोका कमीच असायला हवा होता. दोन्ही निष्कर्ष एकमेकांशी भांडत नाहीत.

---

निळी_शाई

मी जीवशास्त्र शिकवते. मुलांना चिखलात नेलं की झाडांपेक्षा खेकडेच जास्त आवडतात, म्हणून विचारते: खेकड्यांवर काय परिणाम होतो? नाल्याजवळ मला तरी ते भरपूर दिसतात.

---

मुचकुंद

भरपूर दिसतात हे बरोबर, आणि त्यातच गंमत आहे. पूर्व आफ्रिकेत मोम्बासाजवळ मिकिंदानीला आणि मापुतोजवळ कोस्टा दो सोलला शहराचं सांडपाणी खारफुटीत जातं. तिथे इटलीतल्या फ्लोरेन्सच्या संशोधकांनी आफ्रिकी सहकाऱ्यांबरोबर खेकडे आणि शंखवर्गीय प्राणी मोजले. सांडपाण्याच्या जागी खेकड्यांचं एकूण वजन स्वच्छ जागेपेक्षा जास्तच भरलं. शिंपल्या-शंखांची मात्र वाट लागलेली. नुसत्या खेकड्यांवर जो निकाल देईल तो ‘झकास’ असाच देईल.

मग त्याच लोकांनी खेकडे काय करतात ते बघायला सुरुवात केली. फिडलर खेकडे (नराचा एक पंजा भलामोठा असतो ते, मुलांचे लाडके) चिखलावरचं सूक्ष्म शेवाळ खाऊन जगतात. खाताना ते चिखल उकरतात, गोळ्या करून टाकतात, आणि त्यातून चिखलात हवा खेळते. सांडपाण्यामुळे शेवाळ भरपूर झालं. पोट लवकर भरायला लागलं. मग खेकड्यांनी खाण्याचा वेळ कमी केला. म्हणजे संख्या जास्त आणि उकरणं कमी. बाहेरून जंगल गजबजलेलं, आत चिखलाची मशागत थंडावलेली. या प्रकाराला त्यांनी लपलेला ऱ्हास अशा अर्थाचं नाव दिलं.

वर खाजणकाठ म्हणाल्या की अमोनियमचं नायट्रेट व्हायला लागणारा प्राणवायू बिळांच्या भिंतींशी मिळतो. आता जोडून बघा.

---

झाडपाला

बापरे. म्हणजे खेकडे सुस्तावले की गाळणीही सुस्तावते.

---

पंपवाला

+१. आमच्याकडे हवा फुंकायचा ब्लोअर बंद पडला की हेच होतं. फरक एवढाच की खेकड्यांना दुरुस्तीचं कंत्राट देता येत नाही.

---

निळी_शाई

धन्यवाद मुचकुंद, पुढच्या वेळी मुलांना खेकडे मोजायला नाही, त्यांच्याकडे घड्याळ लावून बघायला सांगणार.

तिवराच्या श्वसनमुळांबद्दलही कुणी लिहा ना. चिखलातून पेन्सिली उभ्या केल्यासारखी वर आलेली असतात ती. त्यांच्यावर हिरवा थर चढलेला मी पाहिलाय.

---

खाजणकाठ

त्या मुळांवर बारीक छिद्रं असतात, त्यातून हवा आत जाऊन खालच्या मुळांपर्यंत पोचते. सांडपाण्याबरोबर येणारा गाळ, तेलकट साय आणि शेवाळ ही छिद्रं बुजवतात. नत्राचा थेट परिणाम झाडावर होतो त्याच्या कितीतरी आधी शेवाळावर होतो, कारण शेवाळ दिवसांत वाढतं. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या उत्तरेला बोलिव्हरच्या शुद्धीकरण प्रकल्पाचं पाणी अनेक दशकं उथळ समुद्रात जात होतं. तिथे उल्व्हा नावाचं पानासारखं हिरवं शेवाळ माजलं. त्याच्या वाहत आलेल्या चटया तिवराच्या रोपांवर आणि श्वसनमुळांवर बसायच्या. मोठी झाडं तग धरतात, रोपं धरत नाहीत. म्हणून नाल्याकाठी उभी झाडं बघण्यापेक्षा त्यांच्या खाली पुढची पिढी आहे का ते वाकून बघावं.

किडीचाही एक पदर आहे. ट्विन केजवर स्फुरद दिलेल्या बुटक्या झाडांमध्ये खोड आणि साल पोखरणाऱ्या अळ्या वाढल्या होत्या. चांगलं खाल्लेलं झाड खायलाही चांगलं लागतं, दुसरं काय.

---

गाळमापक

उशिरा आलो. वायूंबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण हल्ली खारफुटीचं नाव काढलं की लोक ‘कार्बन साठवते’ एवढंच म्हणतात.

डिनायट्रिफिकेशन शेवटपर्यंत गेलं तर निघणारा नत्रवायू निरुपद्रवी. मध्येच अडकलं तर नायट्रस ऑक्साइड निघतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो वजनाला वजन कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवतो. नायट्रेट भरपूर असलं की असं अडकणं वाढतं. दुसरं मिथेनचं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असतं, त्यावर जगणारे जिवाणू मिथेनवाल्या जिवाणूंना डोकं वर काढू देत नाहीत. सांडपाण्याच्या गोड्या पाण्याने सल्फेट पातळ केलं आणि वर कुजायला मालही दिला, की मिथेनवाल्यांचं फावतं. तेव्हा झाडाच्या खोडात किती कार्बन साठला हे सांगताना चिखलातून काय सुटतंय तेही मोजा. नुसती खोडाची जाडी मोजून हवामानाचा नफा दाखवणारे अहवाल मी तरी बाजूला ठेवतो.

---

शंकेखोर

गाळमापक, मुद्दा पटला. आता मला एक सांगा. शेतातून वाहून येणारं खतही खाडीत येतं. झाडाने खाल्लेलं नत्र मैलापाण्यातलंच आहे हे कुणी न्यायालयात सिद्ध करायला सांगितलं तर?

---

गाळमापक

त्याला बरी पद्धत आहे. नत्राचे दोन स्थिर प्रकार असतात, १४ आणि १५ वजनाचे. मैलापाण्यात हलकं नत्र वायू होऊन आधी निघून जातं, मागे जड नत्राचं प्रमाण वाढतं. रासायनिक खताचं नत्र हवेतून बनवलेलं, त्यात ते प्रमाण जवळजवळ हवेइतकंच असतं. ऑस्ट्रेलियात मोरटन बे इथे खारफुटीच्या श्वसनमुळांवर वाढणारं कॅटेनेला नावाचं लाल शेवाळ छिद्रं पाडलेल्या पारदर्शक डब्यांत भरून खाडीत जागोजागी टांगलं होतं. काही दिवसांनी त्यातलं जड नत्र मोजलं आणि मैलापाणी कुठपर्यंत पोचतं त्याचा नकाशाच निघाला. २००१ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. पुढे शुद्धीकरण प्रकल्प सुधारल्यावर तीच खूण फिकी झालेली दिसली. पानांवरही करता येतं, पण पान कित्येक महिन्यांचं सरासरी उत्तर देतं, शेवाळ ताजं.

मिश्र पाणी असेल तर मात्र एकाच आकड्यावर खटला उभा करू नका. चिखलातल्या डिनायट्रिफिकेशननेही जड नत्र वाढतं, म्हणजे खताच्या नत्रालाही मैल्याचा वेश चढू शकतो.

---

झाडपाला

आम्ही काही जण हौशी गटातून खारफुटीची पाहणी करतो. महागडी उपकरणं नाहीत. नाल्याजवळच्या पट्ट्यात काय बघावं? झाडांची उंची आणि घेर तर मोजतोच.

---

खाजणकाठ

उंची-घेर सोडू नका, पण त्यावर निकाल देऊ नका. ओहोटीला वीतभर खोल खड्डा करून त्यात झिरपलेल्या पाण्याचा खारेपणा मोजा. रिफ्रॅक्टोमीटर पुरतो. उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्यानंतर, दोन्ही वेळा, नाल्याजवळ आणि नाल्यापासून दूर. दुसरं, ठरावीक चौकटीत श्वसनमुळं किती आणि त्यातली शेवाळाने किंवा गाळाने झाकलेली किती. लाल समुद्राकाठच्या सांडपाण्यात उभ्या असलेल्या तिवराच्या एका राईत झाडं खुरटलेली आणि श्वसनमुळंही बिघडलेली आढळली होती, तेव्हा ती मोजणी वाया जात नाही. तिसरं, त्याच चौकटीत दोन पानांच्या पुढे गेलेली रोपं. चौथं, खड्ड्यातला चिखल किती खोलीवर काळा होतो आणि सडक्या अंड्याचा वास येतो का.

तीन-चार उन्हाळ्यांची नोंद झाली की तुमच्याकडे बऱ्याच अहवालांपेक्षा जास्त माहिती असेल. कोरडं वर्ष आलं तर ते अजिबात चुकवू नका.

---

पंपवाला

एक प्रश्न माझाही, कामाचा आहे म्हणून विचारतो. आमच्या प्रकल्पाचं पाणी पाइपाने खाडीत जातं, दोन्ही काठांना खारफुटी. वरिष्ठांचं म्हणणं, ‘खारफुटीतूनच जातंय, उरलेलं ती बघून घेईल.’ प्रत्यक्षात तसं होतं का?

---

गाळमापक

पाइपाचं तोंड खाडीच्या पात्रात असेल तर बहुतेक पाणी खारफुटीला शिवतच नाही. ओहोटीला सोडलं तर पात्रातून थेट बाहेर. भरतीला सोडलं तर थोडं काठावर चढतं, पण झाडांखालचा चिखल नीट बुडतो तो उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या) भरतीला, भांगाच्या (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीच्या) दिवसांत वरचा बराच भाग कोरडाच असतो. आणि बुडला तरी पाणी चिखलात मुरायला वेळ लागतो, तेवढ्यात ओहोटी लागते. शिवाय ओहोटीला बाहेर गेलेलं बरंचसं पाणी पुढच्या भरतीला परत आत येतं, म्हणजे अरुंद खाडीत तेच नत्र फेऱ्या मारत राहतं.

वरिष्ठांना एक सोपी गोष्ट करून दाखवा. पाइपाच्या तोंडाशी, खाडीच्या मध्यावर आणि झाडांखाली साचलेल्या पाण्यात एकाच दिवशी अमोनिया आणि नायट्रेट मोजा, एकदा उधाणाला आणि एकदा भांगाला. प्रयोगशाळा तुमच्याच आवारात आहे.

---

पंपवाला

बाटल्या आहेत, होडी मिळेल. पुढच्या अमावास्येच्या उधाणाला पहिले नमुने घेतो आणि आकडे याच धाग्यावर टाकतो. झाडांखालचे नमुने किती जागांहून घेऊ?

---

गाळमापक

प्रत्येक काठाला किमान तीन: पाण्याच्या कडेला, मध्ये, आणि जमिनीच्या बाजूला. जमिनीच्या बाजूचा टाळू नका, चिखल बऱ्याचदा तिथेच सगळ्यात खारा असतो. नमुने लगेच बर्फात ठेवा, नाहीतर बाटलीतले जिवाणू प्रयोगशाळेत पोचेपर्यंत अमोनियाचा आकडा बदलून ठेवतील.